सोलापुरात मित्र-मैत्रिणीसोबत एक निवांत दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीत दोघांनी मिळून सोलापूरला एक दिवस काढायचा ठरला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, त्या निघण्याआधी एकदा तपासून घ्या.

१. एका दिवसात सोलापूर बघून होतं का?

शहरापुरतं म्हणाल तर आरामात होतं. सिद्धेश्वर मंदिर, त्याला वेढणारा तलाव, भुईकोट किल्ला, चार हुतात्म्यांचे पुतळे (प्रश्न १७) आणि पार्क मैदान ही सगळी ठिकाणं एकमेकांच्या शेजारी आहेत, पायी फिरता येतात. नवी पेठेचा बाजारही तिथून लांब नाही. रेल्वे स्टेशनवरून हा भाग रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

बघण्याच्या ठिकाणांची यादी छोटी आहे आणि ती छोटीच ठेवावी. सोलापूरची खरी चव जेवणात, बाजारात आणि तळ्याच्या काठावर बसण्यात आहे. दहा ठिकाणं उरकायची म्हणून धावलात तर भाकरीसुद्धा घाईत खाल्ली जाते.

२. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी हलकी थंडी असते, दुपार सोसवते आणि डिसेंबरअखेरपासून हुरडा मिळतो (प्रश्न १३). जुलै ते सप्टेंबरही वाईट नाही. सोलापूरचा पाऊस कोकणासारखा दिवसभर धरून बसत नाही, त्यामुळे फिरणं सहसा अडत नाही.

एप्रिल-मे शक्यतो टाळा. पारा ४० अंशांच्या वर जातो आणि किल्ल्याचे दगड संध्याकाळपर्यंत तापलेले राहतात. उन्हाळ्यातच यायचं असेल तर सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर एवढंच बाहेर पडा. मधला सगळा वेळ जेवण, झोप आणि ताक.

३. पुण्या-मुंबईहून सकाळी येऊन रात्री परत जाता येतं का?

मुंबईहून येतं. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रीची गाडी आहे. सकाळी सोलापुरात उतरा, दिवसभर फिरा आणि त्याच रात्री परतीच्या सिद्धेश्वरने निघा. मुक्कामाचा खर्च वाचतो. मात्र शनिवार-रविवारचं आरक्षण लवकर भरतं.

गोंधळ होतो तो वंदे भारत आणि हुतात्मा एक्सप्रेस या गाड्यांबाबत. या दोन्ही गाड्या सोलापूरकरांच्या सोयीच्या आहेत. त्या सकाळी सोलापूरहून निघतात आणि रात्री सोलापूरला परत येतात. पाहुण्याला हे उलटं पडतं. यातल्या कोणत्याही गाडीने आलात तर रात्री पोहोचाल आणि पुढचा पूर्ण दिवस फिरून आणखी एक रात्र राहावं लागेल. म्हणजे दोन मुक्काम, नाहीतर परतीला वेगळी गाडी. पुण्याहून सकाळी निघणारी इंद्रायणी दुपारी पोहोचवते, म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

पुण्याहून रस्त्याने साधारण २५० किलोमीटर आहे आणि मार्ग चौपदरी आहे. पहाटे पाचला निघालात तर चहाचा थांबा धरून साडेनऊ-दहापर्यंत पोहोचता.

४. दिवसाचा क्रम कसा लावावा?

क्रम उन्हावरून ठरवायचा. जे उघड्यावर आहे ते सकाळी आणि संध्याकाळी, जे सावलीत आहे ते दुपारी. आम्ही सुचवतो तो क्रम असा.

साडेसहा-सातला सिद्धेश्वर मंदिर. तिथून बाहेर पडून नाश्ता. साडेआठ-नऊला किल्ला, साडेदहापर्यंत बाहेर. मग चार हुतात्म्यांचे पुतळे आणि इंद्रभुवन. इंद्रभुवन ही अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली देखणी इमारत, पुढे महापालिकेकडे आली. नक्षीदार दर्शनी भाग बाहेरून निवांत बघा. ते होईपर्यंत साडेअकरा वाजतात. साडेबारा ते दोन जेवण. दोन ते चार विश्रांती. चारला चादरी-टॉवेलची खरेदी, कारण दुकानात छप्पर असतं आणि डोकंही जाग्यावर आलेलं असतं. साडेपाच-सहाला धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचा कंबर तलाव, किंवा पुन्हा सिद्धेश्वर तलावाचा काठ. सातनंतर खायला पार्क चौपाटी.

बहुतेकांचा दिवस बिघडतो तो दुपारी. सकाळी खरेदी, अकराला भरपेट नाश्ता आणि बाराच्या उन्हात किल्ला असा क्रम लागला की दोघांपैकी एकाचं डोकं दुखायला लागतं आणि संध्याकाळ वाया जाते. खरेदीच्या पिशव्या घेऊन किल्ल्यात फिरणं ही त्यातली दुसरी चूक. चादरी जड असतात.

भय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारक दुपारच्या वेळेत बसतं. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि तिथेच सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये वारले. जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

५. सिद्धेश्वर मंदिरात किती वेळ लागतो? काही नियम आहेत का?

दर्शनाला गर्दी नसेल तर वीस मिनिटं. पण मंदिर तलावाच्या मधोमध आहे आणि सकाळी पाण्यावरून वारा येतो, म्हणून तासभर हाताशी ठेवा. चपला बाहेर ठेवायच्या आहेत. दहानंतर फरशी पाय भाजते, सकाळी लवकर जाण्याचं हेही एक कारण.

सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, हे बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शिवयोगी आणि वचनकार. सोलापूरच्या पंचक्रोशीत त्यांनी ६८ लिंगं स्थापन केली आणि हा तलाव खोदून घेतला असं परंपरा सांगते. त्यांची समाधी याच आवारात आहे. ती न बघताच परतणारे पुष्कळ असतात. गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर तिकडे वळायला विसरू नका.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला वीस मिनिटांचा हिशेब चालत नाही. त्या दिवशी रांगेतच तास-दोन तास जातात.

६. किल्ल्यात बाग आहे एवढंच ऐकलं. बघण्यासारखं खरंच काही आहे का?

आहे, आणि पुष्कळ आहे. लोक बागेत फोटो काढून परततात, म्हणून असं वाटतं.

किल्ला बहामनी काळातला आहे. जमिनीवरचा किल्ला असल्याने डोंगराचं संरक्षण नाही. ती उणीव दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका बाजूने तलावाचं पाणी अशी भरून काढलेली आहे. आत शिरताना दरवाजांची रचना बघा. वाट सरळ आत जात नाही, वळणं घेत जाते, म्हणजे धावून येणाऱ्या शत्रूचा आणि हत्तीचा जोर वळणावर मोडावा. आत बत्तीस खांबी वास्तू आहे. भिंतींत जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले सापडतात, ते शोधत फिरण्यात वेळ छान जातो.

अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात या किल्ल्यासाठी वर्षानुवर्षं ओढाताण चालली. चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून विजापूरकरांना दिला गेला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी मन्रोच्या नेतृत्वाखाली तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला.

तटावर जाल तिथे कठडा असेलच असं नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून दोघांनी एकाच वेळी उतरू नका. पायात सँडल किंवा बूट हवेत. पाणी सोबत ठेवा.

७. नाश्त्याला सोलापूरचं असं काय खावं?

सुशीला. चुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळून काढतात, मग कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद यांच्या फोडणीत परततात आणि वरून डाळव्याचा कूट घालतात. डाळव्यामुळे ओलसरपणा शोषला जातो आणि चुरमुऱ्यांचा गोळा होत नाही. सुशीला मऊ पण मोकळी असली पाहिजे. ती गार झाली की चिवट होते, म्हणून कढई नुकतीच उतरली असेल तिथेच घ्या.

त्याखेरीज सकाळच्या गाड्यांवर इडली, डोसा, उप्पीट, मिरचीची भजी मिळतात. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे इथली इडली कुणा पाहुण्याची नव्हे, घरचीच आहे. दोघांत एक सुशीला, एक डोसा एवढंच घ्या. पोटात जेवणासाठी जागा ठेवायची आहे.

८. शेंगा चटणी सगळीकडे दिसते. चांगली कशी ओळखायची?

बघून, दाबून आणि चाखून, याच क्रमाने.

चांगली चटणी कुटलेली असते, दळलेली नाही. शेंगदाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजतात, साली पाखडून काढतात आणि मग लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून उखळात किंवा डंकावर कुटतात. घाव बसत जातील तसं शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि ते तिखट-लसणाला धरून ठेवतं. वेगळं तेल घालावं लागत नाही. मिक्सरमध्ये पातं दाणा कापतं, त्याने एक तर कोरडी भुकटी होते, नाहीतर जास्त फिरवलं की लगदा.

चिमूटभर चटणी बोटांत दाबा. तिची वडी वळली आणि बोटाला तेलाची चकाकी आली तर ती कुटलेली आहे. भुरभुर गळली तर दळलेली. रंग विटकरी लाल असावा. भडक लाल आणि जिभेला तिखटच नाही अशी असेल तर रंगाची शंका घ्या. चाखल्यावर आधी शेंगदाणा, मग लसूण आणि शेवटी तिखट लागलं पाहिजे. कडवट लागली तर दाणे करपलेत. खवट वास आला तर जुनी आहे, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

बहुतेक दुकानांत चव द्यायला कुणी नाही म्हणत नाही. तिखटाच्या दोन प्रती असतात, कमी तिखट हवी असेल तर तसं आधीच सांगा. लसूण न खाणाऱ्यांसाठी प्रश्न ११ बघा.

९. कडक भाकरी दाताने तुटत नाही. ती खायची कशी?

चुरून. कडक भाकरी कोरडी चावायची वस्तूच नाही, निदान पूर्ण जेवण म्हणून तरी नाही. ताटात दोन्ही हातांनी तिचे छोटे तुकडे करा, वर गरम आमटी किंवा रस्सा ओता आणि एक-दोन मिनिटं थांबा. कडा भिजलेल्या आणि मधे अजून थोडी कुरकुर शिल्लक, त्या क्षणी खायला घ्या. जास्त थांबलात तर लापशी होते. वर शेंगा चटणी, बाजूला कांदा, आणि असेल तर घट्ट दही.

ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पूर्ण ओल उडेपर्यंत शेकली की ती कडक होते. ओल नसल्यामुळेच ती आठवडेच्या आठवडे टिकते. संक्रांतीच्या सुमारास तीळ लावलेली बाजरीची मिळते, तीही घ्या. विकत घेताना पाकीट कानाशी हलवा. खणखण वाजली पाहिजे. मऊ आवाज आला तर तिला हवा लागली आहे. अशी भाकरी घरी तव्यावर पुन्हा शेकून सुधारता येते.

ताजी, गरम भाकरी हवी असेल तर जेवणाच्या वेळेत खाणावळ गाठा. साडेबारा ते दोन यात तवा चालू असतो. तीननंतर मिळते ती आधी करून ठेवलेली.

१०. सावजी मटण खायचंय, पण आम्हा दोघांना तिखट फार सोसत नाही. काय करावं?

आधी अळणी मागवा. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पातळ पाणी. त्यात मीठ, हळद, आलं-लसूण असतं, तिखट नसतं. ते गरम पिऊन घेतलं की रिकाम्या पोटावर तिखट आदळत नाही.

सावजी हे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या घरचं जेवण. मसाले काळपट होईपर्यंत भाजून वाटतात आणि रश्शावर तेलाचा तवंग येतो. तिखटाचा मोठा भाग या तवंगात उतरलेला असतो. म्हणून वाढप्याला ‘तर्री कमी’ म्हणा, किंवा वाटी हलवू नका आणि वरचं तेल चमच्याने बाजूला काढा. भाकरी तळच्या रश्शात बुडवा. फरक लगेच कळतो.

दोघांत एक मटण ताट आणि जादा भाकरी, भात असं घेतलं तरी पुरतं. तिखट लागलं म्हणून पाणी पिऊ नका, पाण्याने ते तोंडभर पसरतं. दही, ताक किंवा साधा भात खा.

श्रावणात, एकादशीला किंवा सोमवारी-गुरुवारी काही मांसाहारी खाणावळी बंद असतात. त्या दिवशी निघण्याआधी फोन करा.

११. एक जण शाकाहारी, दुसरा मांसाहारी. त्यात लसूण आणि शेंगदाण्याची अडचण. जमेल का?

शाकाहारी-मांसाहारी सहज जमतं. दोन्ही मिळणाऱ्या खाणावळी आहेत. स्वयंपाकघर वेगळंच हवं असेल तर दुपारी शाकाहारी खाणावळीत भाकरी, पिठलं, भरलं वांगं, आमटी, धपाटं असं दोघांनी खा आणि रात्री ज्याला मटण हवं त्याने ते घ्यावं, दुसऱ्याने चौपाटीवर खावं. संध्याकाळी पोटात जागा कमीच उरते, त्यामुळे कुणाची गैरसोय होत नाही.

लसूण चालत नसेल तर बिनलसणाची शेंगा चटणी असं स्पष्ट मागा. काही दुकानं करतात. ‘लसूण काढून द्या’ हे जमत नाही, तो कुटतानाच एकजीव झालेला असतो.

शेंगदाण्याची ॲलर्जी मात्र गंभीर बाब आहे. सोलापूरच्या स्वयंपाकात शेंगांचा कूट आमटीत, वांग्यात, पालेभाजीत, ठेच्यात, कोशिंबिरीत असतो, आणि बघून तो ओळखता येत नाही. तेलही शेंगदाण्याचं असू शकतं. अशा माणसाने खाणावळीतली भाजी-आमटी टाळावी. कूट न पडणारे पदार्थ समोर करून घ्यावेत, तेल कोणतं ते विचारावं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध खिशात ठेवावं. ‘थोडासाच आहे’ असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी खाऊ नये.

१२. खरी सोलापुरी चादर कशी ओळखावी?

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी दुसरीकडे विणलेल्या चादरी त्याच नावाने सर्रास विकल्या जातात. घेताना या गोष्टी तपासा.

चादर पूर्ण उलगडायला लावा आणि दोन्ही बाजू बघा. जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीत नक्षी विणीतच असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. समोर लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल. मागची बाजू फिकट, कोरी असेल तर ती छापील आहे.

मग वजन बघा. चादर हातावर पडल्यावर भार जाणवला पाहिजे. उजेडासमोर धरली तर विरळ जाळी दिसू नये. काठ ओढून बघा, धागे सरकले तर वीण ढिली आहे.

सुताची खात्री हवी असेल तर दुकानदाराला विचारून दशीचा एक धागा काढा आणि बाहेर नेऊन जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरगळणारी राख सोडतो. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. मिश्र चादर वाईटच असते असं नाही, लवकर वाळते, पण तिचे पैसे सुती चादरीचे देऊ नका.

एकेरी चादर साधारण ६० बाय ९० इंच असते, दुहेरी ९० बाय १०० इंचांच्या आसपास. घरच्या पलंगाचं माप लिहून आणा. पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात करा. गडद लाल आणि निळा रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत सुटतो आणि पांढरे कपडे खराब करतो.

टॉवेल घेतलात तर तो पहिल्या दिवशी पाणी टिपत नाही म्हणून नाराज होऊ नका. नव्या टॉवेलवर मऊपणासाठी लावलेलं द्रव्य असतं, दोन-तीन धुण्यांत ते निघतं.

१३. आम्ही दोघंच आहोत. हुरडा खायला मिळेल का?

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात मिळेल, पण आदल्या दिवशी फोन करावा लागतो. हुरड्याची शेतं बहुधा मोठ्या गटांची वाट बघतात. शनिवार-रविवारी इतर लोक असतात, त्यात दोघांची सोय होते. मधल्या वारी दोघांसाठी आगटी पेटवायला कुणी तयार होईलच असं नाही.

हुरडा म्हणजे ज्वारीची दुधाळ, कोवळी कणसं. गोवऱ्यांच्या आगटीत ती खुपसून भाजतात, मग तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. सुरती, गूळभेंडी, कुचकुची या हुरड्याच्या ज्वारी. दाणा हिरवा, मऊ आणि गोडसर हवा. पिवळट, चिवट लागला तर कणीस निबर झालंय, बदलून मागा. सोबत शेंगा चटणी, गूळ, दही. खाल्ल्यावर लगेच पोटभर पाणी पिऊ नये असं शेतकरी सांगतात, ताक प्यावं.

सकाळी दहा ते एक ही वेळ धरा. हुरड्याच्या दिवशी दुपारच्या जेवणाचा बेत ठेवूच नका, म्हणजे प्रश्न ४ मधला क्रम बदलेल. मंदिर सकाळी, किल्ला संध्याकाळी.

१४. नान्नजला माळढोक दिसेल का?

दिसेल असं धरून जाऊ नका. १९७९ साली घोषित झालेल्या नान्नजच्या अभयारण्यात आता माळढोक हा पक्षी दिसणं अतिशय दुर्मीळ झालं आहे. माळरान, काळवीट आणि पक्षी यांच्यासाठी जायचं असेल तर मात्र जरूर जा. शहरापासून बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर आहे. सूर्योदयाला पोहोचलं पाहिजे, नऊनंतर प्राणी आडोशाला जातात. वन विभागाची परवानगी घ्या, भडक कपडे टाळा.

पक्षी आरामात बसून बघायचे असतील तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव बरा. १८७१ सालच्या या तलावालाच एकरूख तलावही म्हणतात. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकं उतरतात.

१५. त्याच दिवसात अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर होईल का?

तिन्ही नाही. अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर सत्तरच्या पुढे, आणि तिन्हींच्या दिशा वेगळ्या. प्रत्येक वेळी सोलापूरजवळ परत यावं लागतं. त्यात दर्शनाची रांग किती, ते तुमच्या हातात नाही.

फार तर एक निवडा आणि पहाटे आधी तेच उरका. पाचला निघून अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन घेतलंत तर साडेनऊपर्यंत शहरात परत येता. गुरुवारी आणि पौर्णिमेला हे गणित बसत नाही.

१६. देवदर्शन नको, वेगळं काही आहे का?

कुडल संगम. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंगजवळ, मंद्रूपमार्गे सुमारे ४० किलोमीटरवर भीमा आणि सीना नद्या मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचेल तो विजयी होईल, अशी त्याची ओळ आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात असंख्य मुखं कोरलेलं प्रचंड शिवलिंग आहे. मराठी वाचणाऱ्या माणसाने त्या ओळीसमोर एकदा उभं राहावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. अर्धा दिवस राखून ठेवा, जेवण बांधून न्या. शिलालेखाला हात लावू नका आणि अक्षरं उठावीत म्हणून खडू-पीठ चोळू नका, त्याने दगड झिजतो.

पावसाळ्यात जात असाल तर नळदुर्गचा किल्ला हा दुसरा पर्याय. हैदराबाद रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर. बोरी नदीला पूर असेल तेव्हा किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. पाऊस कमी झाला असेल तर धबधबा नसतो, आधी चौकशी करा.

१७. गड्डा यात्रेच्या दिवसांत यावं की टाळावं?

यात्राच बघायची असेल तर नक्की या. निवांत दिवस हवा असेल तर टाळा. गड्डा यात्रा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या आसपासचे पाच दिवस. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, उंच काठी कमरेच्या आधारावर तोललेली असते. ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, त्याचं हे स्मरण. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर त्या वेळी अंगावर येतो. नंतर होम आणि शोभेचं दारूकाम.

अक्षतेच्या दिवशी मंदिर परिसरात वाहनं बंद असतात. दोघांनी हात सुटला तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, गर्दीत फोन लागत नाही. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे पाळणे आणि दुकानं, पुढेही काही दिवस चालतो. कमी गर्दीत तोच बघणं सोयीचं.

याच यात्रेच्या दिवसांत १२ जानेवारी येते. १९३० च्या सोलापूर लष्करी कायद्याच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ मध्ये याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं. त्या दिवशी चार पुतळ्यांजवळ अभिवादनाला लोक येतात.

१८. आणखी कोणत्या दिवशी पंचाईत होते?

कोजागिरीला. सोलापूरहून हजारो लोक तुळजापूरला पायी जातात आणि तो रस्ता वाहनांना बंद असतो. हिप्परगा आणि तुळजापूर दोन्ही त्या दिवशी सोडून द्या. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गर्दीमुळे गाड्या आणि लॉज दोन्ही भरलेले असतात.

रमजानमध्ये उलट आहे. संध्याकाळनंतर विजापूर वेशीतला मीना बाजार फुलतो, खाण्याची रेलचेल असते. त्या दिवसांत आलात तर पार्क चौपाटीऐवजी रात्री तिकडे जा.

१९. दोघीच मैत्रिणी आहोत. संध्याकाळी फिरायला अडचण नाही ना?

पार्क चौपाटी, नवी पेठ, सात रस्ता या भागांत रात्री नऊ-साडेनऊपर्यंत कुटुंबं, कॉलेजची मुलंमुली असतात, वर्दळ असते. कंबर तलावाचा आणि किल्ल्यामागचा भाग अंधार पडल्यावर सोडा. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, शेअर रिक्षा असेल तर ‘दोन सीट’ असं म्हणा, नाहीतर पूर्ण रिक्षाचं भाडं सांगितलं जातं. लॉज घेताना पाण्याची सोय विचारा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, छोट्या लॉजमध्ये सकाळी टाकी रिकामी असू शकते.

२०. घरी काय न्यावं आणि ते किती टिकतं?

शेंगा चटणी कोरड्या काचेच्या बरणीत, ओला चमचा न लावता, तीन-चार आठवडे चांगली राहते. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, शेंगदाण्याचं तेल उष्णतेने खवट होतं. कडक भाकरी डब्यात उभी रचा. आडवी रचली आणि वर चादरीचं गाठोडं ठेवलं की घरी चुरा पोहोचतो. शेंगापोळी, म्हणजे शेंगदाणा-गुळाचं सारण भरलेली पातळ पोळी, आठ-दहा दिवस टिकते. खाताना तूप लावा.

ज्वारी आवडत असेल तर मंगळवेढ्याची मालदांडी दोन-चार किलो घ्या. पीठ दळून नेऊ नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. धान्य न्या आणि घरी लागेल तसं आठवड्यापुरतं दळा.